ऐंशी अंशांचे डॉक्टर

तुर्भ्याच्या एका रंगाच्या कारखान्यातले मधुकर करंदीकर वयाच्या बावन्नाव्या वर्षी डॉक्टर झाले. प्रबंधाला नऊ वर्षं लागली. तेवढ्यात सानपाड्याच्या त्यांच्या सोसायटीची लिफ्ट दोनदा बदलून झाली. विषय असा, की आधी तापवावं लागणारं, मग एकदम गार करावं लागणारं आणि मध्येच आपणहून भडकणारं यंत्र बेताच्या पाण्यात ताब्यात कसं ठेवावं. हे काम आपोआप करणारा आपला कंट्रोलर काही झालं तरी डगमगणार नाही, हे त्यांनी एकशे बाराव्या पानावर सिद्ध केलं होतं. स्वतःबद्दल असं सिद्ध करायची त्यांची छाती नव्हती.

आज कंट्रोलरची चाचणी होती. रिॲक्टर, म्हणजे रंग शिजवायचा बंद हंडा, वाफेने तापवायचा, ऐंशी अंशांना वाफ तोडून गार पाणी सोडायचं. पंच्याण्णव ओलांडले की रंगाचा चिखल. आजवर हे काम जुने ऑपरेटर हिरामणशेठ हाताने करत. बॅच नासली तर कंट्रोलर कायमचा कपाटात, असं मॅनेजर चारुलताबाईंनी बजावलं होतं.

ऐंशीला कंट्रोलरने शिस्तीत पाणी सोडलं. तापमानाचा काटा चढतच राहिला. अठ्ठ्याऐंशीला व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. आता आणखी उघडायला काही उरलं नव्हतं. एक्क्याण्णव. कंट्रोलर डगमगला नाही. मधुकर डगमगले आणि त्यांनी चाचणी थांबवायचं बटण दाबलं.

"हिरामणशेठ, घ्या."

हिरामणशेठनी बाजूच्या पाइपचं चाक फिरवून तेही पाणी आत घेतलं. काटा चौऱ्याण्णववर थबकला आणि उतरू लागला.

"तुम्ही रोज ऐंशीलाच पाणी सोडता ना?" मधुकरांनी घाम पुसत विचारलं.

"ऐंशीला? याड लागलंय का? चौऱ्याहत्तरला. उन्हाल्यात बहात्तरला."

"अहो, तुमच्या नोंदवहीत तीन वर्षं ऐंशी लिहिलंय!"

"भिंतीवर ऐंशी लिवलेलं हाय. तपासनीस तेच बघतान. त्यांना कशाला दुखवा?"

मधुकरांचं सगळं गणित त्याच वह्यांवर उभं होतं. म्हणजे ते रिॲक्टरचा नव्हे, हिरामणशेठच्या सौजन्याचा अभ्यास करत होते.

"काय, नापास?" चारुलताबाईंनी विचारलं.

"कंट्रोलर पास आहे, मॅडम. मी भलत्याच कारखान्यावर डॉक्टर झालो."

बाई हसल्या. "मग कपाट राहू दे. महिनाभर हाताने रिॲक्टर चालवा, हिरामणशेठच्या हाताखाली. नंतर पुन्हा चाचणी."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेब चाक घट्ट आवळून उभे. काटा चौऱ्याहत्तरवर आला.

"साहेब, हात ढिला ठेवा. असं धरलं तर म्हस पन दूध देत नाय."

डॉक्टरांनी हात ढिला केला आणि पाणी सोडलं.