टाकीत सोडलेला मासा

सड्यावरच्या, त्या उघड्या कातळपठारावरच्या, पाण्याच्या टाक्यांच्या किल्ल्या सुनंदाकाकूंच्या कमरेला. विहिरीचं पाणी चढवायचं, झाकणं पुसायची, गुरं हाकलायची, एवढंच काम. पण तोरा असा, की जणू आभाळाला कुलूप त्याच लावतात! खरं वेड त्यांना श्रुतीचं. काकूंना मूलबाळ नाही, आणि ही संशोधन करणारी पोर रोज दुपारी त्यांच्या डब्यातली कुळथाची पिठी खायची.

खाता खाता ती सांगायची, "आभाळात खेकड्याच्या नावाचा एक तेजोमेघ आहे, काकू. तिथून गॅमा किरण येतो, वरच्या हवेला आपटतो आणि त्याचा कणांचा पाऊस होतो. ते कण टाकीच्या पाण्यात शिरले की बारीकसा उजेड पडतो. आतला डोळा तो टिपतो. कुठल्या टाकीत आधी, कुठल्या टाकीत मागून, त्यावरून किरण कुठून आला ते कळतं."

"म्हणजे खेकड्याच्या, आमच्या कुर्लीच्या घरचा पाऊस. मग पाणी चांगलं हवं गो," काकू म्हणाल्या.

आता कोकणात पाणी चांगलं राहावं म्हणून काय करतात? विहिरीत मासा सोडतात. काकूंनी भर दुपारी एका टाकीचं झाकण उचललं आणि मासा सोडला. झालं! यंत्र चालू होतं. उन्हाचा झोत आत गेला आणि तो नाजूक डोळा कायमचा आंधळा झाला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत, काकूंसमोरच, प्रयोगाचे प्रमुख गुरुप्रसादसर तापले ते श्रुतीवर. "झाकण तूच उघडलंस ना? तुला या कामावर ठेवायचं की नाही, बघावं लागेल."

श्रुती खाली मान घालून उभी. काकूंना वाटलं, खरं सांगितलं तर ही पोर पुन्हा आपल्या डब्याला शिवायची नाही. पण तिचं नुकसान कसं बघवणार?

"तिला बोलू नका, सर. झाकण मी उघडलं. पाणी नासू नये म्हणून मासा सोडला." काकूंनी किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या.

सर म्हणाले, "आत मिट्ट काळोख लागतो हो काकू. डोळा नवा बसवू. पण मासा नको." आणि ते निघून गेले.

श्रुतीने किल्ल्या उचलून काकूंच्या हातात दिल्या. "यंत्र बंद करून सकाळी मीच आत डोकावले होते. मासा तिकडे बादलीत आहे."

"मग सरांना बोलली का नाहीस गो बाय?"

"घरच्या माणसाचं नाव कोण सांगतं? डबा काढा, भूक लागलीय."

काकू पदराने डोळे पुसत डबा उघडायला बसल्या, पण झाकण काही केल्या निघेना.