लॉन मोडून वाढवलेलं रान

पलूसपासून आत, तिन्ही बाजूंनी उसानं वेढलेल्या बंगल्यासमोर सुभेदार ज्योतिबानं जे लॉन केलं होतं, तसं पंचक्रोशीत कुणाकडं नव्हतं. पलटणीच्या मेससमोर साहेबलोक बूट काढून चालायचे, तसलं मऊ. निवृत्त होऊन आल्यावर त्यानं पहिली खरेदी केली ती गवत कापायच्या मशीनची. एखादं पातं जास्त वाढलेलं दिसलं तरी परेडमध्ये जवान हलल्यासारखं त्याच्या कपाळाला आठी पडायची. बायको राहीबाई म्हणायची, "आवं, म्हशीला चालत न्हाई, चिमणी बसत न्हाई. नुसतं पाणी पितंय तुमचं गवात."

एका उन्हाळ्यात त्या लॉनवर टिटवीनं अंडी घातली. मशीनपुढं ती पंख पसरून उभी राहिली, तेव्हा ज्योतिबाला वाटलं पाखरू माजलंय. मशीन थांबेपर्यंत पात्याखाली व्हायचं ते होऊन गेलं. मग ती टिटवी घरावरून ओरडत घिरट्या घालू लागली. घरावर टिटवी ओरडली की घरातलं माणूस जातं, असं राहीबाईच्या माहेरी मानायचे.

"त्या पाखराची जागा त्याला परत द्या," ती म्हणाली.

ज्योतिबानं मशीन विकलं, कुदळ घेतली आणि सगळं लॉन उपसून काढलं. रुई, तरवड, निरगुडी, करवंद, बोर लावली. कुसळी गवत मुद्दाम वाढू दिलं. सरड्यांसाठी कोपऱ्यात दगडांचा ढीग रचला, त्याच्या कडेला पाखरांना पाण्याची दगडी डोणी ठेवली. दोन पावसाळ्यांत फुलपाखरं आली, मुनिया आल्या, मुंगूस आलं. तिन्ही बाजूंच्या उसाचा मालक, चुलतभाऊ गुंडा, बांधावरून हसायचा, "दादा, पेन्शन दिली का जंगल खात्यात बदली केली रं तुजी?"

राहीबाईची एकच अट होती. तिचा थोरला भाऊ उसाला पाणी पाजताना घोणस चावून गेला होता. "रान करा, माजं काय न्हाई. पर घोणस दिसली तर मला सांगायचं. त्याच घडीला."

"शब्द दिला," ज्योतिबा म्हणाला. सुभेदाराचा शब्द म्हणजे घरात सरकारी शिक्का.

नवरात्राच्या सुमाराला दगडांच्या ढिगात त्याला सापाची कात सापडली. मनगटाएवढी जाड, पाठीवर घोणशीच्या असतात तसे साखळीचे फिकट ठसे. तो ती कितीतरी वेळ तशीच हातात धरून उभा राहिला. मग ती अंघोळीच्या बंबात घातली. कात म्हणजे काय घोणस नव्हे, त्यानं स्वतःला सांगितलं. बायकोला सांगितलं, "ढिगाकडं जाऊ नगंस. काटं लय माजल्यात." त्या दिवसापासून डोणीत पाणी तोच घालू लागला. काठीनं गवत बडवत जायचा. मुंगूस दिसेनासं झालं. डोणीतले बेडूक एकेक करून गप्प झाले. राहीबाई म्हणाली, "कसं शांत शांत वाटतंय न्हाई?" तो म्हणाला, "व्हय."

त्या हंगामात तोडणीची टोळी काही येईना. शेवटी गुंडानं ठरवलं, उसाला काडी लावायची. जळीत ऊस कारखाना लवकर उचलतो. ज्योतिबा धावत बांधावर गेला.

"गुंडा, ओढ्याकडची बाजू मोकळी सोड. जनावरं तिकडं पळतील."

"ओढ्याला लागून परक्याचा ऊस हाय गड्या. आग त्यात शिरली तर माजं हाड ठेवील का त्यो? तिकडनंच पयलं पेटवणार."

"मग जनावरांनी जायाचं कुटं?"

गुंडा त्याच्या बागेकडं बघून हसला. "सोय केलीयास की तू!"

घरी येऊन ज्योतिबानं बायकोला सांगायला तोंड उघडलं, आणि निघालं भलतंच. "आज लेकीकडं जाऊन ये की विट्याला."

"आजच का?"

"धूर व्हईल हितं."

"जलम चुलीपुढं गेला माजा. धुराचं काय सांगताय?"

दुपार कलताना आग लागली. ओल्या उसाची पेरं बंदुकीसारखी फुटू लागली, काळी राख अंगणात उतरू लागली. कुंपणाखालून ससा आला. मग उंदरांची रांग, तित्तर, घोरपड. सगळी एकाच दिशेनं, एकमेकांकडं न बघता. "तान्हेली असतील बिचारी," म्हणत राहीबाईनं कळशी भरली आणि अनवाणी पायांनी डोणीकडं निघाली.

ज्योतिबानं खिडकीतून ते बघितलं.

"राहे! थांब! ढिगात घोणस हाय!"

तिचा एक पाय हवेतच राहिला. ढिगातून कुकरची वाफ सुटावी तसा लांबलचक आवाज आला. राहीबाई आल्या वाटेनं मागं सरली. पायरीवर आली, कळशी खाली ठेवली. थेंब सांडला नाही.

"मला दिसली न्हाई. तुमास्नी घरात बसून कशी दिसली?"

ज्योतिबा बाहेर येऊन कळशी उचलायला वाकला, तशी तिनं ती मागं ओढली.

"कवापास्नं ठावं हाय?"

"नवरात्रात कात घावली."

"भावाला चावली ती मुकं जनावर हुती, तिनं कुटनं सांगावं? तुमाला तर तोंड हुतं."

ती ओरडली नाही, रडलीही नाही. पिशवीत दोन लुगडी घातली आणि मागच्या दारानं विट्याची गाडी धरायला गेली.

गुंडा काठी घेऊन कुंपणाशी आला. आता तो हसत नव्हता. "दादा, डोळ्यांनी बगितलं मी. लय जनावर आत शिरलंय. बोल, हिकडनं बी काडी लावू?"

"नको."

"एकटा ऱ्हाणार हैस हितं?"

"नको म्हणलं न्हवं."

दिवेलागणीला भोवतालचं सगळं काळं पडलं होतं. मधोमध तेवढी बाग हिरवी उभी होती. वारा पडला होता, तरी कुसळीचे शेंडे हलत होते; इथं थोडे, तिथं थोडे. ज्योतिबानं खिडक्या लावून घेतल्या. फोन वाजला. लेक अंकिता होती.

"पप्पा, आई पोचली. तुमी बी या."

"ती काय म्हणती?"

"म्हणती, आनखी काय काय सांगायचं ऱ्हायलंय ते आदी इच्यार."

ज्योतिबानं काचेतून बाहेर बघितलं. गवत पायरीपर्यंत हलत आलं होतं. काय सांगावं, ते आता त्यालाही माहीत नव्हतं.