कागदाच्या भिंतीला जाडी नसती

विनोद अर्ध्या ब्लेडनं खिडकी कापत व्हता आन् आपल्या दोस्ताला, पप्पूला, त्यानं श्वास धरायला लावला व्हता. खिडकी केवढी, तर नखाएवढी. दहा मिनिटं एका जागी बसवत न्हाई म्हणून पप्पूनं नववीतनं शाळा सोडली. आन् तोच पप्पू केंदूरच्या त्या पत्र्याच्या खोलीत पाऊण तास कागदाची भिंत धरून बसला व्हता, वारा लागू नये म्हणून दाराकडं पाठ करून. दुसऱ्या कुणी असं बसवलं असतं तर पप्पूनं ती भिंत त्याच्याच टाळक्यात घातली असती. पण विनोद म्हंजी विनोद.

विनोद सणसवाडीला एका कंपनीत पॅकिंगला व्हता. आठवडाभर खोकी चिकटवायची, आन् सुट्टीला घरी येऊन, आराम म्हणून, आणखी खोकी चिकटवायची. ह्या खोक्यांना फक्त दारं-खिडक्या असायच्या. शाळा, पाण्याची टाकी, दौंडचं स्टेशन, समदं त्यानं कागदात बांधलं व्हतं. फायदे लई. आवाज न्हाई, लाईटबिल न्हाई, आन् पोरगं कुठं हाय ते आईला कायम ठाऊक. तोटे आपले किरकोळ. खळ गव्हाच्या पिठाची, त्यामुळं झुरळांनी दौंडचे दोन फलाट एका आठवड्यात खाल्ले. टाकी पावसाळ्यात खाली बसली ती उठलीच न्हाई. आन् बघायला येणारा जो तो म्हणायचा, झ्याक हाय, पण उपयोग काय.

अठ्ठ्याण्णव साली उपयोग निघाला. विनोदची आई झुंबरबाई अखेर पत्र्याची खोली पाडून पक्कं घर बांधायला तयार झाली. अट एकच: सैपाकघर आठ बाय आठ पायजे. तिनं समदा जन्म एका खोलीत काढला व्हता. ती आन् लेक सुरेखा भाकरी थापायला बसल्या की कोपराला कोपर लागायचं. दोघींनी ऐसपैस बसावं, एवढंच तिला हवं व्हतं.

जागा चोवीस फूट रुंद. एका अंगाला गल्ली, दुसऱ्या अंगाला बोळ, बोळापल्याड आनंदरावांचा गोठा. बोळात एरंड आन् एक मोडकी बैलगाडी. बोळ आनंदरावांचा, असं समदं गाव म्हणायचं. विनोदनं एका फुटाला एक सेंटिमीटर धरला. आठ-आठच्या तीन खोल्या, चोवीस सेंटिमीटर, जागा बरोबर संपली.

कागद म्हंजी जुन्या लग्नपत्रिका. इतका ताठ कागद फुकट दुसरा मिळत न्हाई. त्यामुळं घराच्या पुढच्या भिंतीवर 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' आन् छपरावर सोनेरी गणपती. झुंबरबाईनं छप्पर बघितलं आन् म्हणाली, बाबा, निदान पालथं तरी लाव, विहारात मला विचारतील.

मग तिनं घराची परीक्षा घेतली. कागदाची चूल करायला लावली, मांडणी करायला लावली, आन् दोन कागदी बाया. दोघी शेजारी बसल्या. कोपरं लागली न्हाईत. तवा कुठं खोली पाडायला परवानगी मिळाली.

म्हाळू गवंडी आला. चुन्याची फक्की मारत दोन खोल्या आखल्या, आन् तिसरी आखता आखता बोळात शिरला, तीन फूट. दोनदा टेप लावला. मग कागदी घराकडं बघून म्हणाला, "विनोद, भिंती कुठं धरल्यात?"

"ह्या काय, ह्या."

"त्या कागदाच्या. मी नऊ इंची बांधणार. चार भिंती, तीन फूट."

विनोद शाळेपासनं घरं बांधत आला व्हता, पण कागदाला जाडी नसती हे त्याच्या ध्यानात कवाच आलं न्हाई. खिडकीच्या नखभर चौकटीला जपला आन् आख्ख्या भिंती विसरला. बारावी शिकलेला माणूस. गल्लीतलं कोण तरी हसलं. पप्पू नुसता उठून उभा राहिला आन् हसू थांबलं.

पप्पूचं म्हणणं सोपं व्हतं: रेघ हाय तिथं ऱ्हाऊ दे, एरंड काय कोर्टात जात न्हाई. विनोदला पटलं न्हाई. तो कागदी घर दोन्ही हातांवर धरून आनंदरावांच्या ओट्यावर तीन फूट मागायला गेला. पप्पू मागं, मुठी आवळून. आनंदरावांनी चहा सांगितला, घर गोल फिरवून बघितलं, भिंत वाचली, लग्न कुणाचं ते विचारलं.

"लई झ्याक केलंयस," ते म्हणाले. "पर कागदावर कायबी बसतं. जिमिनीवर ज्यानं त्यानं आपल्या हद्दीत बसावं."

"व्हय आप्पा. चूक माझीच हाय."

हे तो दोनदा म्हणाला. पप्पूनं चहाला हात लावला न्हाई; विनोदनं त्याला तेवढाच दंगा करू दिला.

घरी विनोद म्हणाला, तिन्ही खोल्यांतनं एकेक फूट कापू. झुंबरबाईनं कात्री मागितली.

"पाव्हणं भायेर बसत्यात, तुमी मधी निजता. कापायचं ते माझ्यातनं काप."

आन् तिनंच कापलं, कागदी सैपाकघर, तीन सेंटिमीटर. विनोदपेक्षा सरळ कापलं. मग दोन बायांतली एक उचलून भायेर ठेवली.

घर झालं. पाच फुटांत चूल, मांडणी आन् एक बाई. सुरेखा लग्न होऊन जाईपर्यंत उंबऱ्यावर बसून भाकऱ्या थापायची, परात अर्धी आत, अर्धी भायेर. विनोदनं ब्लेडला पुन्हा हात लावला न्हाई. गावाला मात्र बरं झालं; कुणाचंही काम चुकलं की म्हणायला एक शब्द मिळाला, 'विनोदची भिंत'. पप्पूसमोर म्हणत न्हाईत एवढंच.

दोन हजार सहाला आनंदरावांच्या भावाभावांत वाटणी लागली आन् त्यांनीच सरकारी मोजणी आणली. टेपचं दुसरं टोक धरायला माणूस पायजे व्हता, पप्पू मोकळाच व्हता. टोक धरून तो बोळातनं गेला, बोळ संपला तरी मोजणीवाला पुढं चल म्हणत राहिला. हद्दीचा दगड गोठ्यात निघाला, गव्हाणीखाली. बोळ आख्खा झुंबरबाईचा व्हता, आन् वरनं गोठ्यातलाबी दीड फूट तिचाच.