मशीननं गाळलेले हमीदभाई

हमीदभाई गेल्याची बातमी मला त्यांच्याच मशीनमधून कळली. वाशीच्या आमच्या ऑफिसात फोनवरचे निरोप साठवणारं मशीन तयार होत होतं. सकाळी बटण दाबलं आणि साहेबांचा आवाज आला, "हमीद गेला हार्ट अटॅक डेमोचं काम थांबवू नका." मध्ये श्वासाएवढीही जागा नाही. साहेब तसेच बोलले, की अर्धवट तयार मशीननं जागा गाळल्या... ठाऊक नाही. राग दोघांचाही येतो.

मी साताऱ्याकडची, सहावीत शाळा सुटलेली, लग्न होऊन जुईनगरला आलेली. मला नोकरी दिली ती हमीदभाईंनी, आणि तीही बोलण्याची! माझा आवाज टेपवर घ्यायचा आणि मग तो कॉम्प्युटरच्या कमीत कमी जागेत बसवायचा, हे त्यांचं काम. पहिल्या दिवशी मी कागदावरून अडखळत वाचत होते, तर हमीदभाई म्हणाले, "वाचू नका ताई. गावाला आईला फोन लावलाय समजा." "आणि चुकलं तर?" "चुका की! लोक फोनवर काय पुस्तक वाचतात?"

सगळ्या आवाजांना सारखी जागा द्यायची नाही, हे त्यांचं म्हणणं. लांब 'आ'ला थोडी पुरते, 'च'-'ट'ला जास्त लागते, आणि माणूस गप्प झाला की चिमूटभर. पण ती चिमूट द्यायचीच. साहेब चिडवायचे, "गप्प बसण्याला कोण पैसे देतं रे?" हमीदभाई हळूच म्हणायचे, "गप्प बसलेला माणूस पण लाइनवर असतोच ना, साहेब."

ते गेले आणि आठवड्यातच साहेबांनी ती चिमूट काढून टाकली. हळू आवाज म्हणजे शांतता, शांतता म्हणजे कचरा! जुने नमुने, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये साठवलेले आवाज, पुन्हा दाबून बसवले, मूळ टेपा पुसल्या. मग उरणहून हमीदभाईंची आई आली. "माझ्या पोराचा आवाज हाय का तुमच्याकडं? येकदा ऐकवा."

मी मूळ टेप मागायला साहेबांकडे गेले. "टेपांचं काय लोणचं घालायचं होतं, बाई?"

"लोणचं असतं तर वर्षभर टिकलं असतं, साहेब," माझ्या तोंडून गेलं.

कॉम्प्युटरमध्ये एकाच नमुन्यात हमीदभाई असायला हवे होते. मी आईंच्या कानाला हेडफोन लावला. त्यात मी विचारते, "हमीदभाई, थांबू का आता?" आणि लगेच माझं हसू. मधे ते काहीतरी बोलले होते, माइकपासून लांब, त्यांच्या त्या हळू आवाजात. काय, ते आता मलाही आठवत नाही.

आईंनी तीनदा ऐकलं. मग हेडफोन मांडीवर ठेवून विचारलं, "तू हसलीस कशाला गो?"

तो नमुना रोज माझ्या हाताखालून जातो. माझं खिदळणं त्यात अख्खं जपलंय. ज्यानं हसवलं, त्याला चिमूटभर जागा दिली नाही.