तेलाच्या रजिस्टरातल्या दहा खुणा

पन्नासच्या दशकात माझी बदली मुलुंडच्या बाजूला एका डेपोत झाली. मी लान्स नाईक, काम नर्सिंग असिस्टंटचं. नातेवाईक विचारायचे, कुठल्या आघाडीवर आहेस? मी सांगायचो, चमचे मोजतो. ते हसायचे, पण मी खरंच चमचे मोजत होतो.

एमआय रूम, म्हणजे आमचा दवाखाना, सकाळी ०७:०० वाजता उघडायचा. हिरड्यांतून रक्त येणाऱ्याला व्हिटॅमिन सीच्या गोळ्या, पायांना मुंग्या येणाऱ्याला बी, नखं पांढरी पडलेल्याला लोहाचं औषध. जवानानं माझ्यासमोर गिळायचं, मग मी रजिस्टरात खूण करायची. नियम एवढाच होता.

शिपाई वासुदेव माझ्याच कुडाळ तालुक्यातला. डोंगरातल्या पोस्टिंगवरून जुनाट हगवण घेऊन आला होता. चार महिने त्याचं दूध, तूप, मटण बंद होतं. पोट सुधारलं, पण दिवेलागणीनंतर तो भिंतीला हात लावून चालू लागला. एका संध्याकाळी ताट घेऊन लंगरच्या, म्हणजे आमच्या जेवणघराच्या, खांबावर आपटला, तेव्हा मी त्याला डॉक्टरांसमोर उभा केला.

आमचे डॉक्टर कॅप्टनसाहेब पंजाबी, हुशार आणि कायम घाईत. "नाइट ब्लाइंडनेस. व्हिटॅमिन ए खतम." रोज दोन चमचे शार्क लिव्हर ऑइल, रात्रीची गार्ड बंद. मला त्यांनी नीट समजावलं. अंधूक उजेडात बघायला डोळ्याला हे व्हिटॅमिन लागतं. ते स्निग्ध पदार्थांबरोबर अंगात जिरतं, आणि तेच आपण याला चार महिने दिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी श्रावण लागला. शार्क म्हणजे आमच्याकडची मोरी मासळी. एरवी मोरीचं कालवण असलं की ताटावरून न उठणारा हा माणूस चमचा पाहून मागे सरकला.

"माका नको. श्रावण पाळतंय."

"औषध आसा रे ता."

"मोरी ती मोरीच. पोट बरा झाला तर श्रावण पाळीन, असा देवाक सांगितलंय. महिनो सरांदे, मगे बाटलीच तोंडाक लावतंय."

तिथंच रिपोर्ट करायला हवा होता. पण मीही श्रावण पाळणारा. देवाला दिलेला शब्द मला बाटलीवरच्या लेबलापेक्षा मोठा वाटला. महिन्याभरात काय बिघडतंय, म्हणून मी तेल गटारात ओतलं नाही, बाटलीतच ठेवलं आणि खूण केली. अशा दहा दिवसांत दहा खुणा झाल्या.

अकराव्या सकाळी कॅप्टनसाहेबांनी रजिस्टर उघडलं.

"दस दिन पूरे. अब शाम को दिखता है?"

वासुदेवनं माझ्याकडे पाहिलं. तो नाही म्हणाला असता तर साहेबांनी पुढचा प्रश्न मला विचारला असता, आणि माझ्या बाहीवरची फीत गेली असती.

"जी साब. दिखता है."

"फिट फॉर ड्यूटी."

तो माझ्यासाठी खोटं बोलला आणि मी त्याला बोलू दिलं. मी भित्रा होतो, याला दुसरा शब्द नाही.

त्याच दिवशी त्याला तीन नंबरची पोस्ट मिळाली, १८:०० ते २०:००. पोस्ट डेपोच्या मागच्या तारेला लागून होती. तारेपलीकडे जुनी दगडखाण, पावसाच्या पाण्यानं भरलेली, आणि एका जागी तार कोसळलेली. मी गार्ड रूमच्या दारात घुटमळत राहिलो. आत जाऊन हवालदाराला एक वाक्य सांगायचं होतं. सांगितलं नाही. १९:३० ला हवालदारानं टेलिफोनची मूठ फिरवली.

"नंबर थ्री, रिपोर्ट."

उत्तर आलं नाही.

"थ्री, जवाब दो."

मी टॉर्च घेऊन धावलो. पडलेल्या तारेत त्याची टोपी अडकली होती. २०:४० ला त्याला पाण्यातून वर काढलं.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मला एकच प्रश्न आला.

"तेल रोज दिलं होतं?"

"यस, सर."

रजिस्टर माझ्या बाजूनं बोललं. निष्कर्ष निघाला: पहारेकऱ्याचा निष्काळजीपणा. पुढे एका कोर्समध्ये शिकवलं की हिरव्या पाल्यातून, पिकल्या पपईतूनही शरीर व्हिटॅमिन ए तयार करतं, सोबत थोडं तूप हवं. आमच्या लंगरमागे शेवगा होता. त्याचा पाला श्रावणातही चालला असता. पण त्यासाठी आधी कोणीतरी साहेबांना सांगायला हवं होतं की हा तेल पीत नाही.

युनिटच्या पाटीवर लढाईत पडलेल्यांची नावं आहेत. वासुदेवचं नाव तिथं नाही. त्याचं नाव फक्त माझ्या रजिस्टरात होतं, दहा वेळा.

दिवसकार्य उरकून त्याचा थोरला भाऊ गावाहून परतला आणि ट्रंक न्यायला आला. परळला गिरणीत होता. सही केली, ट्रंक खांद्यावर घेतली आणि दारात थांबला. आईचा एक प्रश्न आणला होता.

"आवशीन इचारल्यान हा. शेवटपर्यंत श्रावण पाळल्यान मा?"

"पाळल्यान," मी म्हटलं.

"मगे बरा," तो म्हणाला. मला हात जोडले आणि गेला.