दादानं कापलेली पेडलं

बँडमध्ये वाजवणारे लोक माझ्या थोरल्या भावाला 'कसाई' म्हणतात. त्याला त्याचा राग येत नाही, उलट मिशीतल्या मिशीत हसू फुटतं. जुने विजेवरचे ऑर्गन कापून लहान करायचे, हा त्याचा धंदा. हे ऑर्गन म्हणजे जाडजूड कपाटंच. एकदा दिवाणखान्यात बसले की घर विकेपर्यंत हलायचं नाव घेत नाहीत. पण बँडवाल्यांना आज या हॉटेलात तर उद्या त्या हॉलमध्ये वाजवायचं असतं. चौघांनी मिळून, कमरा धरून, शिव्या घालत ते धूड जिन्यावरून चढवायचं, म्हणजे पुढे वाजवायला अंगात जीव कुठला राहायला? मग ते दादाकडे येतात. दादा पेटीचे पाय उडवतो, खालचा अर्धा भाग उडवतो, आतली यंत्रं आवळून बसवतो, कोपऱ्यांना पत्रा ठोकतो आणि दोन माणसं उचलतील, स्टँडवर ठेवून वाजवतील असा डबा करून देतो. तो डबा नंतर माझ्याकडे येतो आणि मी त्याला आत फोम भरलेली जाड कापडाची खोळ शिवते. टायरच्या दुकानामागे आमची शेड आहे. एका टोकाला त्याची करवत, दुसऱ्या टोकाला माझं मशीन. त्याचा भुसा माझ्या शिवणीत, माझे दोरे त्याच्या चहात, आणि यावरून रोजची वादावादी.

ऑर्गनच्या तळाशी, जमिनीलगत, पायानं वाजवायच्या लांब लाकडी पट्ट्यांची रांग असते. ती पेडलं. वर हातांनी गाणं वाजवायचं आणि खाली पायांनी खर्जाचे सूर धरायचे, अशी ती सोय. बँडमध्ये खर्जाला वेगळा गिटारवाला असतो, त्यामुळे पेडलं कुणालाच नको असतात. दादा सगळ्यात आधी तीच काढतो, त्यांच्या तारा मुळापासून छाटतो. त्या पट्ट्यांचं लाकूड मात्र दगडासारखं टणक. ते वाया कशाला घालवायचं, म्हणून तो त्यांचे तुकडे करून, घासून, त्याच ऑर्गनला उचलायची हँडलं बसवतो. गिऱ्हाइकाला ती दाखवताना त्याची छाती जी फुगते, ती बघण्यासारखी असते. "खालचं सगळं नुसतं ओझं हो," असं म्हणून तो हँडलावर थाप मारतो. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता माझं मशीनही त्याच तालात चालतं.

तर एक दिवस हॉटेलात पियानो वाजवणारा एक ओळखीचा माणूस टेम्पोतून ऑर्गन घेऊन आला. ऑर्गन त्याच्या मावशीचा. मावशी म्हणजे गाण्याच्या बाई. त्यांनी अर्ध्या शहराला समूहगायन शिकवलं असेल. मध्यंतरी आजारात त्यांचा डावा हात लुळा पडला होता. आता त्यांच्या जुन्या विद्यार्थिनींनी एक कार्यक्रम ठरवला होता, साथीला ऑर्गनवर बाईच हव्यात असा त्यांचा हट्ट होता, आणि हॉल होता वरच्या मजल्यावर. ऑर्गन हलका केल्याशिवाय तो वर जाणार नव्हता.

"मावशी म्हणाली, काम सुरू करायच्या आधी एकदा येऊन भेटा," भाचा जाता जाता बोलला.

"हो हो, येतो की," दादा म्हणाला, आणि टेम्पो वळायच्या आत त्यानं करवतीचं पातं बदलायला घेतलं.

"दादा, बाई भेटायला बोलावतायत," मी म्हटलं.

"अगं, काय नवीन सांगणार आहेत? जपून कापा, पॉलिश चांगलं करा. सगळ्या म्हाताऱ्या बायका तेच सांगतात."

मी पुन्हा एकदा सांगितलं. त्यानं ते कानामागे टाकलं. भरभर काम केलं, आणि खरं सांगायचं तर सुरेख केलं. हँडलं तर अशी गुळगुळीत की गालावरून फिरवावीत.

बाई ऑर्गन बघायला स्वतः आल्या. भाच्याचा हात धरून, हळूहळू. डावा हात ओढणीत गुंडाळल्यासारखा पोटाशी धरलेला. दादानं खुर्ची पुसून दिली. बाई बसल्या, उजव्या हातानं दोन सूर वाजवले, मान डोलावली, आणि दोन्ही पाय पुढे सरकवले. पाय तसेच हवेत फिरले. त्यांनी वाकून खाली पाहिलं. मग दादाकडे पाहिलं.

"पेडलं वेगळी ठेवलीत का?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डावा हात गेलेला. डाव्या हाताचं काम या बाई पायांनी करत होत्या. बाकीचं भाच्यानं नंतर सांगितलं. दीड वर्ष त्या दार लावून पायांना शिकवत बसल्या होत्या, डाव्या हाताचा एकेक सूर पायात उतरवत होत्या. हेच सांगायला त्यांनी दादाला बोलावलं होतं. पेडलं सुटी करा, वेगळी उचलून नेऊ, पण त्यांना हात लावू नका, एवढंच सांगायचं होतं.

आणि माझा भाऊ खोटं बोलला. "वाळवी लागली होती बाई," तो म्हणाला. "हात लावला तर भुगा झाला. टाकून द्यावी लागली."

बाई उठायला लागल्या आणि आधारासाठी त्यांनी ऑर्गनच्या कडेचं हँडल धरलं. धरलं ते धरलंच. अंगठा त्याच्यावरून मागे-पुढे फिरवत राहिल्या. दादानं कितीही घासलं असलं तरी त्या तुकड्यात, बरोबर मधोमध, टाचेनं झिजून पडलेला एक खोलगट भाग राहून गेला होता. दादाला तर तो आवडला होता. मूठ बसते, म्हणाला होता.

दादाचा चेहरा मला बघवेना. मला त्याची लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त या गोष्टीची, की मी गप्प उभी होते. "वाळवी नव्हती बाई," मी म्हटलं. "यानं कापली. हे हँडल त्यांचंच आहे."

"सगळी?"

"सगळी," दादा म्हणाला. आवाज असा की स्वतःलाही ऐकू आला नसेल.

बाईंनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या आणि भाच्याचा हात धरून निघून गेल्या. भाचा मात्र दारातून वळून दादाकडे असं काही बघून गेला की, ते दिवसभर शेडमध्ये रेंगाळत होतं.

दुसऱ्या दिवसापासून दादा जुनी पेडलं शोधत फिरला. ज्यांच्याकडे असे ऑर्गन होते त्या सगळ्यांकडे गेला. इथेच खरी गंमत झाली, म्हणजे रडावं अशी गंमत. शहरातला एकेक ऑर्गन त्याच्याच हाताखालून गेलेला. एकाही घरी पेडल शिल्लक नव्हतं. उलट लोक त्याला कौतुकानं आत बोलवायचे, चहा द्यायचे, खोळ काढून हँडल दाखवायचे. "अजून ढिलं झालेलं नाही बघ! काय लाकूड आहे!" क्लबातला एक ढोलकवाला तर त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तूच म्हणायचास ना, खालचं सगळं ओझं!" दादा घरी येऊन हे सांगायचा, ताट बाजूला सारायचा आणि भिंतीकडे तोंड करून बसायचा. मी पहिल्यांदा चिडले होते, पण नंतर चिडायलाही लाज वाटायला लागली.

शेवटी एकच रस्ता उरला. आयुष्यभर ज्यानं कापली त्यानंच नवीन बनवायची. आणि तिथे कळलं, की या माणसाला दोन पेडलांमध्ये किती अंतर असतं तेही ठाऊक नाही. कापणाऱ्यानं कधी मोजलंय?

"तू जाऊन माप घेऊन ये ना," तो मला म्हणाला. "बायकांना बायका बऱ्या."

"कापायला मी नव्हते. चल मुकाट्यानं."

टेप घेऊन दोघंही गेलो. बाईंच्या दारात दादा इतका वेळ पायपुसण्यावर पाय घासत राहिला की शेवटी बाईच म्हणाल्या, "झाले हो स्वच्छ, या आत." त्यानं माफी मागायला तोंड उघडलं आणि नुसती टेपच पुढे केली. मी सांगितलं कशासाठी आलोय ते.  बाईंनी ऑर्गनच्या रिकाम्या जागेसमोर खुर्ची ओढून घेतली, मोजे काढले, डोळे मिटले आणि नुसत्याच फरशीवर पायांनी वाजवायला लागल्या.

"इथे सा," त्या म्हणाल्या. "इथे रे. खूण करा."

दादा गुडघ्यांवर बसला. पाय जिथे पडेल तिथे खडूनं रेघ मारायची, पुढच्या सुरावर सरकायचं. भला थोरला माणूस, फरशीवर रांगत, त्या बाईंच्या टाचेमागून. एकदा त्याची बोटं त्यांच्या पायाखाली आली. "लागलं का?" त्यांनी विचारलं. तो नाही म्हणाला. त्यानं मान वर केली नाही. फरशीवर एक ठिपका पडला, तो त्यानं तळहातानं पुसून टाकला, आणि त्याबरोबर एक रेघही पुसली गेली. ती पुन्हा मारावी लागली.

मग त्यानं इतर सगळी कामं बाजूला ठेवली. पट्ट्या तासल्या, स्प्रिंगा बसवल्या, छाटलेल्या तारा एकेक करून पुन्हा जोडल्या. बाई मधूनमधून यायच्या, पाय टाकून बघायच्या आणि कठोरपणे सांगायच्या. "हे कडक आहे." "हे उशिरा बोलतं." "हे काढा." दादा काढायचा. एरवी तो नाकावर माशी बसू देत नाही.

कार्यक्रमाला हॉल भरला होता. आम्ही अगदी मागे, दाराजवळ बसलो. दादाला तिथेच बसायचं होतं. पहिल्या गाण्यात बाईंचा पाय एकदा चुकला. दादानं माझं मनगट असं दाबलं की बांगडी फुटायची राहिली. बाईंनी पाय सावरला आणि गाणं पुढे गेलं. दुसरं, तिसरं गाणं छान रंगलं. उजवा हात वर, पाय खाली, आणि मधे पन्नाशीच्या बायका शाळकरी मुलींसारख्या गात होत्या.

मधल्या वेळात सूत्रसंचालन करणाऱ्या बाईनं माईक पुढे केला. "बाई, एका हातानं वाजवताय पण ऐकताना दोन हात वाटतात! ही पायातली पेडलं खास बनवून घेतलीत म्हणे. कुणी केली?"

"ज्यानं जुनी कापली, त्यानंच," बाई म्हणाल्या.

हॉलभर हशा पिकला. बाईंना विनोद छान जमतो, असं लोकांना वाटलं. माझ्या शेजारचा माणूस तर टाळ्या वाजवत होता. दादानं गप्प बसायला हरकत नव्हती. हशात सगळं वाहून गेलं असतं. कुणाला काही कळलं नसतं.

तो उभा राहिला. कान लालबुंद, दोन्ही हात मांड्यांना घट्ट चिकटलेले.

"खरंय ते," तो म्हणाला. "बाईंनी भेटायला बोलावलं होतं. मी गेलो नाही. विचारलं नाही, आणि कापून टाकली. वर खोटंही बोललो."

हशा थांबला. लोक माना वळवून बघायला लागले. काहींना अजून वाटत होतं, हाही कार्यक्रमाचाच भाग असेल. मी खाली बघत होते. त्याला हात धरून खाली ओढावं असं एकीकडे वाटत होतं, आणि माझाच भाऊ आहे हे ओरडून सांगावं असं दुसरीकडे.

बाईंनी लांबून, डोळे बारीक करून त्याच्याकडे पाहिलं.

"माहितीये मला," त्या म्हणाल्या. "बसा आता. अजून दोन गाणी राहिलीत."

दादा बसला. बाईंनी पाय पेडलांवर ठेवले. पुढची दोन्ही गाणी संपेपर्यंत त्यानं बाईंच्या पायांवरची नजर काढली नाही.