शेठजींच्या हातचा विडा

मी मनात धरून ठेवणारा माणूस आहे. लोक म्हणतात, वय झालं की राग निवतो. माझा निवला नाही, मुरला. ज्या शेठजींबद्दल लिहितो आहे ते जाऊन पुष्कळ वर्षं झाली. त्यांच्या मातीला सगळं गोंदिया लोटलं होतं, मी गेलो नाही, आणि त्याचं मला आजही बरं वाटतं.

आमचं गाव दरेकसाच्या बाजूचं, डोंगराला लागून. बाची धाकटी बहीण, म्हणजे माझी आत्या, मी जन्मायच्या आधी आसामच्या चहाच्या मळ्यात कंत्राटी मजूर म्हणून गेली आणि परत आली नाही. चिठ्ठी नाही, निरोप नाही. नवरा मेल्यावर माहेरी आलेली, मूलबाळ नसलेली बाई. तिच्यासाठी आसामपर्यंत कोण धावणार? तिला नेलं शेठजींनी. तेव्हा ते शेठजी नव्हते, मळ्यांना माणसं पुरवणारे ठेकेदार होते. गोंदियाला रेल्वेलाइनच्या कडेला त्यांची टिनाची शेड होती. खेड्यापाड्यातून आणलेली माणसं गाडीत चढवेपर्यंत तिथे कोंडलेली असत. खिडक्यांना पोती शिवलेली. बायांना नवं लुगडं, हातावर गुळाचा खडा, गळ्यात पत्र्याचा बिल्ला. आणि कागदावर अंगठा घेण्याआधी ठेकेदार स्वतःच्या हातानं विडा देई. आमच्याकडे विडा खाल्ला म्हणजे शब्द दिला. कागदावरचं कोणालाच वाचता येत नव्हतं, विडा मात्र सगळ्यांना कळत होता. तो एकदा तोंडात गेला की माणूस मागे फिरत नसे. हे सारं मी बाच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की ती शेड मला आमच्या गोठ्याइतकी ओळखीची झाली होती.

स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी मी गोंदियाला कॉलेजात शिकायला आलो, तेव्हा ठेकेदाराचे शेठजी झालेले होते. राइस मिल होती, कॉलेजला मोठी देणगी होती, आणि सभागृहात त्यांची तसबीर होती. तिच्याखालून जाताना मी रोज मनातल्या मनात एक शिवी घालत असे. वसतिगृहातला माझा दोस्त हसायचा, "अरे, सौ चूहे खाके बिल्ली हज को चली. तू काऊन जळून राहिला?" मी जळतच होतो. या माणसाची एकदा तरी चारचौघांत मान खाली गेलेली मला पाहायची होती.

संधी दिली ती चिनी मजुरांनी. आमचे इतिहासाचे सर जुन्या दप्तरांतून हातानं उतरवून आणलेले कागद वर्गात वाचत. दूरच्या बेटांवर उसाच्या मळ्यांत करारानं नेलेल्या चिनी मजुरांच्या त्या जबान्या होत्या. फसवून बंदरावर आणलं, कोठडीत कोंडलं, छातीवर रंगानं अक्षर काढलं, न वाचता येणाऱ्या कागदावर खूण घेतली. पोरं जांभया देत होती. मी मात्र शब्दन् शब्द उतरवून घेत होतो, कारण हे सगळं आमच्या घरचंच होतं. फरक एवढाच की त्या चिन्यांना विचारायला कोणीतरी गेलं होतं आणि त्यांचं म्हणणं लिहून ठेवलं होतं. माझ्या आत्याला कोणी विचारलं नाही.

स्नेहसंमेलनाला निबंध वाचायची स्पर्धा होती आणि प्रमुख पाहुणे शेठजी होते. मी विषय घेतला 'चिनी कंत्राटी मजूर'. सुरुवातीची दोन पानं सरांच्या कागदांतली होती, आणि पुढे मी चीनमध्ये दरेकसा घुसवलं. टिनाची शेड, शिवलेली पोती, गूळ, बिल्ला, आणि शेवटी दलालाच्या हातचा विडा. सरांनी निबंध तपासला तेव्हा विड्याच्या ओळीखाली पेन्सिलनं रेघ मारली आणि कागद परत दिला. मी बाला मुद्दाम बोलावून घेतलं. तो पॅसेंजरनं आला आणि धुतलेलं धोतर नेसून मागच्या रांगेत बसला.

मी वाचलं. असं वाचलं की मागे बसलेली खेड्यावरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. प्रत्येक वाक्य मी शेठजींच्या तोंडाकडे बघून म्हणत होतो. ते पान चघळत, मान डोलवत ऐकत होते. विड्यापाशी आलो तेव्हा मी थांबलो. आता उठतील, आता लाल होतील, असं मला वाटलं. ते सरांकडे वाकून कौतुकानं म्हणाले, "चीन में भी पान चलता है क्या? हमको मालूम नहीं था."

पहिलं बक्षीस मलाच मिळालं. भाषणात शेठजी म्हणाले, बेचारे चिनी लोग, कितना जुल्म हुआ. आणि ते ढोंग नव्हतं. इतकी माणसं त्या शेडीतून गेली होती की त्यातली एकही त्यांच्या लक्षात नव्हती. मग त्यांनी खिशातून चांदीची डबी काढली, एक विडा उचलला आणि सगळ्यांसमोर माझ्यापुढे धरला. सभागृह टाळ्या वाजवत होतं. मी तो घेतला आणि खाल्ला.

बाहेर बा सायकलींच्या स्टँडजवळ उभा होता. मी तोंडातला चोथा थुंकून त्याच्याकडे गेलो.

"घेतलास?" त्यानं विचारलं.

"भरसभेत नाही कसा म्हणू, बा?"

"मलेबी तसाच वाटला होता." तो जमिनीकडे बघत बोलत होता. "तुह्या आत्याले मीच नेलो होतो शेडीत. थे नाही म्हणून राहिली होती. विडा तोंडात टाकेच ना. मंग ठेकेदारानं मह्यासमोर धरला. मी खाल्लो. भावानं खाल्ला म्हंजे बहिणीनं खाल्ला. तिचा अंगठा मीच धरून टेकवलो."

"पण कायले?"

"जमीन भेटन म्हणून. त्याच्या शब्दावर मालगुजारानं धानाची बांधी कसाले देली. त्याच बांधीवर तू शिकून राहिला."

शेडीच्या आतलं याला इतकं बारीक कसं ठाऊक, हा प्रश्न इतिहास शिकणाऱ्या मला एकदाही पडला नव्हता. बाला मी स्टेशनावर पोचवायलाही गेलो नाही.

कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी निबंधाची साफ प्रत द्यायची होती. तिच्यात मी एक वाक्य वाढवलं: 'कित्येक बायांना त्यांच्या सख्ख्या भावांनीच शेडीत पोचवलं आणि बदल्यात जमीन मिळवली.' उन्हाळ्याच्या सुट्टीत छापलेला अंक घेऊन गावी गेलो. बाला वाचता येत नव्हतं. तो ओसरीवर दोर वळत बसला होता, म्हणाला, वाच. मी सगळा निबंध वाचला, आणि ते वाक्य मुद्दाम हळू वाचलं. खोटं कशाला बोलू, त्याचे हात थांबले तेव्हा मला थंडावा वाटला.

"बराबर लिहिलास," तो म्हणाला. "पर चीनचं कायले म्हणतोस? दरेकसाचं लिह. मी सांगतो, तू लिहून घे. ठेकेदाराचं नाव लिह, मह्यं बी लिह."

कागद होता, पेन होतं. पण लिहून घेतलं असतं तर बाच्या छातीवरचं ओझं उतरलं असतं, आणि मला ते उतरू द्यायचं नव्हतं. "तुझं कोण छापणार?" असं म्हणून मी अंक मिटला आणि नदीवर निघून गेलो.

चोर सोडून संन्याशाला सुळी, असं म्हणतात. बा काही संन्यासी नव्हता. पण त्यानं पुन्हा कधी तो विषय काढला नाही, दोन पावसाळ्यांनी तो गेला, आणि शेठजींविरुद्ध साक्ष द्यायला तयार असलेला तो एकच माणूस होता.